काटा आधी पडतो की इंजिन?

पावसाळ्यात बंद पडणाऱ्या गाड्यांवर लिहायचं म्हणून संपादकांनी मला बदलापूरच्या कुळगावात गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या एका मिस्त्रींकडे पाठवलं. माझं मन मात्र आरपीएमच्या काट्यातच गुंतलं.

सेल्फ मारला की एका गाडीचं इंजिन नुसतं फिरायचं, सुरू होत नव्हतं. मालकाचा संशय बॅटरीवर. मिस्त्रींनी बॉनेटला हातही लावला नाही. "साहेब, परत मारा," म्हणाले आणि मीटरकडे बघत राहिले. इंजिन फिरलं, काटा शून्यावरच. "क्रँक सेन्सरची लाइन बघतो." बऱ्याच गाड्यांत ही खूण उपयोगी पडते.

क्रँकशाफ्ट मिनिटाला किती फेरे घेतो ते हा काटा सांगतो. जुन्या पेट्रोल गाड्यांत तो इग्निशन कॉइलच्या ठोक्यांवर चाले. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात, म्हणजे 900 आरपीएमला सेकंदाला 30. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. म्हणून अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ठोके अल्टरनेटरकडून घेत, आणि बेल्ट घसरला की मीटर कमी दाखवी. आता क्रँकबरोबर एक दातेरी चाक फिरतं आणि क्रँक सेन्सर त्याचे दाते वाचतो. अनेक इंजिनांत या चाकाला 60 दात्यांच्या जागा आणि दाते 58 असतात. त्या दोन रिकाम्या जागांवरून क्रँक नेमका कुठे आहे ते ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळतं, आणि ठिणगी कधी टाकायची तेही. किती देखणी युक्ती! तोच हिशेब पुढे मीटरला जातो आणि एक छोटी मोटर काटा हलवते.

म्हणून मिस्त्री गिऱ्हाईकाला पहिलं विचारतात, काटा आधी पडतो की इंजिन? काटा पडूनही गाडी चालत राहिली, तर दोष बहुधा मीटरकडे: सुटलेला डाक, नाहीतर वायरी जोडणारा ढिला कपलर. दोन्ही एकदम गेले तर सेन्सर किंवा त्याची वायर. सगळेच काटे नाचू लागले तर आधी अर्थिंग. माळशेज घाट चढताना आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, तेव्हा मीटर खरंच बोलत असतं, क्लच प्लेट झिजलेली असते. थंड इंजिन सकाळी हजार-बाराशेवर चालून हळूहळू आठशेच्या आसपास उतरतं, त्यात बिघाड काही नाही.

इथली खरी डोकेदुखी पाणी. 26 जुलै 2005 आणि 27 जुलै 2019 ला उल्हास नदी बदलापुरात शिरली. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून सुरू होते, पण कपलरमध्ये राहिलेली ओल पिना खात राहते. बिघाड काही महिन्यांनी उगवतो, तोही इंजिन तापल्यावर. गॅरेजात थंड गाडी तपासली की सगळं ठीक. स्कॅनर क्रँक सेन्सरचा कोड देतो, आणि नवी पोरं लगेच सेन्सर बदलतात. कोडवरून कळतं एवढंच, की त्या लाइनवरून येणारा सिग्नल तुटला. कुठे तुटला ते वायर मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजायला बसणारे हात कमी होत चाललेत याची मला काळजी वाटते. नव्या गाड्यांत मीटर बिघडलं तर त्याचा अख्खा संचच बदला म्हणतात. भंगारातला बसवावा, तर अनेकदा त्यात दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर असतात.

सुरू न होणाऱ्या त्या गाडीचा सेन्सर धड होता. कपलरची एक पिन हिरवी पडून मोडली होती. तो कपलर सुटा मिळेना, घ्यायचं तर पूर्ण वायरिंग. मिस्त्रींनी तुटक्या पिनेचा फोटो काढून कुर्ल्याच्या भंगारवाल्याला पाठवला आणि मालकाला सांगितलं, "मिळाला तर उद्या, नाहीतर गाडी इथेच राहील."