ठरलेल्या मरणाचा गुप्तहेर : ‘एल : चेंज द वर्ल्ड’

हिदेओ नाकाता दिग्दर्शित ‘एल : चेंज द वर्ल्ड’ (२००८) हा जपानी चित्रपट ‘डेथ नोट’च्या दोन चित्रपटांतून (२००६) निघालेली उपकृती होय. मूळ चित्रकथेत गुप्तहेर एल हा लाइट या प्रतिस्पर्ध्याच्या डावाला बळी पडतो. चित्रपटात मात्र तो मृत्युवहीत स्वतःचेच नाव आधी लिहितो. एकदा नोंदलेले मरण दुसऱ्याला बदलता येत नाही. या विजयाची किंमत २३ दिवसांचे आयुष्य, आणि उपकृतीचा कालावकाश तेवढाच.

अनवाणी वावरणे, खुर्चीत उकिडवे बसणे, सतत गोड खाणे हा एलचा विक्षिप्तपणा मूळ चित्रपटांत लाइटच्या नेटकेपणासमोर अर्थवाही ठरे. (डोके खाजवणारा, गबाळा किंदाइची सेइशी योकोमिझोने १९४६ सालीच निर्माण केला होता.) इथे लाइट नाही, विषाणू पसरवू पाहणारी टोळी आहे आणि तिच्याशी बुद्धीचा सामना रंगत नाही. रहस्यपट म्हणून कृती उणी पडते ती इथेच.

तरीही नाकाताच्याच ‘रिंग’शी (१९९८) तुलना उद्बोधक ठरते. तिथली सात दिवसांची मुदत भय निर्माण करते, कारण मरण टळण्याची आशा असते. एलचे मरण अटळ असल्याने मुदतीतले भयच गळून पडते. उरतो तो उरलेल्या दिवसांच्या विनियोगाचा प्रश्न. एरवी बंद खोलीतून तर्क लढवणारा हा माणूस आता दोन निराधार मुलांना घेऊन रस्तोरस्ती पळतो, आणि त्यांना सांभाळणे त्याला तर्काहून अवघड जाते.