मूल आणि मास्तर, दोघांचाही सन्मान

शाळेतील मुलांचे मानसिक आरोग्य म्हणजे केवळ योगवर्ग नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पोषण आहाराच्या पंगतीत ज्या लेकराला वेगळे बसवले जाते, त्याचे मन प्राणायामाने कसे सावरणार? साताऱ्याच्या शाळेत बाल भिवाला घरून नेलेल्या तरटावर बसावे लागे. शिपाई नसला की तहानलेले राहावे लागे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मारहाणीबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे.

पण पिचलेला शिक्षक मुलाला काय आधार देणार? महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षकाला दरमहा किमान १२ रुपये पगार मागितला होता. आज कलम २७ म्हणते, जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक सोडून शिक्षकाला शिक्षणबाह्य काम देऊ नका. तरी गुरुजी माहितीचे तक्तेच भरत बसतात आणि मागच्या बाकावरचे रडवेले पोर नजरेतून सुटते.

याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. त्यांत वंचित घटकांनाही प्रमाणशीर वाटा आहे. बांधवांनो, भगिनींनो, त्या जागा घ्या! पहिल्याच बैठकीत विचारा: पंगत एकच आहे काय? गुरुजी वर्गात आहेत काय?