पक्षी पाहू लागताना

पक्षिनिरीक्षण म्हणजे आधी दुर्बीण, असा अनेकांचा समज असतो. आपण तसे करू नका. पहिला महिना अंगण, गच्ची आणि समोरचा कडुनिंब पुरे. आपल्या बडोद्यात साळुंकीला काबरही म्हणतात, पक्षी एकच. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून अशी नावे वहीत उतरवून घ्या. खंड्या आणि कोतवाल मुलांच्या तोंडी किंगफिशर आणि ड्रोंगो होऊन बसले आहेत, म्हणून हे काम आजच करायला हवे.

नुसत्या रंगावर भिस्त ठेवू नका. ऊन-सावलीत रंग फसवतो. आधी आकार पाहा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? मग चोच, शेपटी, चाल. कावळ्याएवढा काळा पक्षी झुडपाखालून चालत गेला आणि त्याचे पंख तांबूस, डोळे लाल असले, तर तो भारद्वाज. कोकिळेची गंमत निराळी. ‘कुहू’ करणारा तो काळा नर. मादी तपकिरी, ठिपकेदार. आपल्या कवींनी गाण्याचे श्रेय मात्र तिला देऊन टाकले!

दुर्बीण नंतर, 8 बाय 42 ची घ्यावी. 8 पट मोठे दिसते, पुढच्या भिंगाचा व्यास 42 मिलिमीटर. फार जास्त पटीची घेतली, तर हाताच्या कंपाने चित्र थरथरते.

मग थंडीत एका सकाळी डभोईजवळच्या वढवाणा तलावावर जा. गायकवाडी राज्यात 1910 साली सिंचनासाठी केलेला हा तलाव 2021 पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. संस्कृत काव्यात रात्रभर विरह सोसणारा नारिंगी चक्रवाक तेथे दिसतो, बहुधा जोडीनेच.