टोपलीआधीचे झुडूप

कॅलिफोर्नियाच्या वायव्येकडील डोंगराळ मुलखात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस सुमारे अडीचशे किलोमीटरवर, पर्वतांनी चहूबाजूंनी वेढलेले एक सपाट, जवळजवळ वर्तुळाकार खोरे आहे. त्याला इंग्रजीत राउंड व्हॅली म्हणतात, आणि हे नाव ठेवणाऱ्याला कल्पनाशक्तीचा फारसा खर्च पडला नसावा. या खोऱ्यात आणि भोवतीच्या डोंगरांत पूर्वापार राहत आलेल्या लोकांना जग युकी म्हणून ओळखते. तेही नाव त्यांचे स्वतःचे नव्हे. शेजारच्या विंटू लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ परका किंवा शत्रू असा होतो, आणि शेजाऱ्याने दिलेले असे नाव एकदा सरकारी दप्तरात चढले की ते पुसून काढण्याची सोय कोणत्याच अंमलात नसते. खोऱ्यातले लोक स्वतःला उकोमनोम, म्हणजे खोऱ्याचे रहिवासी, म्हणत असत.

या लोकांच्या स्त्रियांनी केलेली एखादी टोपली संग्रहालयाच्या काचेआड पाहिली, तर प्रथमदर्शनी ती एखाद्या मोठ्या वाडग्यासारखी दिसते: रंग गवती, त्यावर तांबूस तपकिरी पट्टे आणि पायऱ्यापायऱ्यांची नक्षी, काठ एकसारखा, आणि अंग इतके घट्ट की ती वनस्पतीची आहे यावर क्षणभर विश्वास बसू नये. ती विणलेली आहे असे आपण सहज म्हणून जातो, परंतु वस्तुतः ती शिवलेली असते. आपल्याकडचा बुरूड बांबूच्या उभ्याआडव्या पट्ट्या एकमेकींखालून ओवतो, तेव्हा त्या पट्ट्या परस्परांना धरून ठेवतात. येथे मात्र उभेआडवे असे काही नाहीच. बारीक काड्यांचा एक लांबच लांब पेड तळाच्या मध्यबिंदूपासून वेटोळे घेत निघतो, आणि लवचीक पट्टीचा प्रत्येक टाका नव्या वेढ्याला गुंडाळून खालच्या वेढ्यातून आरपार काढला जातो. त्यासाठी लागणारे हत्यार एकच, हरणाच्या हाडाची टोकदार आरी. तिने आधी छिद्र पाडायचे आणि मग पट्टीचे निमुळते टोक त्यातून ओढून घ्यायचे. या पद्धतीला वेटोळी पद्धत म्हणणे सोयीचे. कॅलिफोर्नियाच्या अगदी वायव्य कोपऱ्यातील युरोक, हुपा, कारुक हे लोक टोपल्यांच्या कामात कोणापेक्षाही कमी नव्हते, पण त्यांची सारी कला दोन धागे पिळत जाण्याच्या निराळ्या पद्धतीची. वेटोळ्याची शिवण त्यांनी स्वीकारली नाही. तिच्या उत्तर सीमेजवळ युकी होते.

गणिताच्या दृष्टीने पाहता या शिवणीइतकी मनोरंजक गोष्ट हस्तव्यवसायांत क्वचितच सापडेल. समजा पेडाची जाडी ५ मिलिमीटर आहे. वर्तुळाची त्रिज्या प्रत्येक वेढ्यागणिक तेवढीच वाढते, म्हणून परीघ वाढतो तो जाडीच्या सुमारे सव्वासहापट, म्हणजे ३१ मिलिमीटरने. आणि ही वाढ पाचव्या वेढ्याला जेवढी तेवढीच तिसाव्या वेढ्यालाही. एका सेंटिमीटरात चार टाके बसवणाऱ्या स्त्रीने दर फेरीला बारातेरा टाके वाढवीत नेले की तळ ताटासारखा सपाट राहतो. वाढ याहून कमी केली की काठ वर उचलू लागतो आणि वाडग्याला पोट येते. वाढ अजिबात थांबवली की भिंत सरळ उभी चढते. आणि वाढ प्रमाणाबाहेर गेली तर कडेला झालरीसारख्या चुण्या पडून काम बिघडते. म्हणजे वाडग्याचा घाट हा हाताने दाबून दिलेला नसतो, तो टाक्यांच्या हिशेबातून उपजतो. तीस सेंटिमीटर व्यासाच्या केवळ सपाट तळासाठी चौदा मीटर पेड आणि साडेपाच हजारांवर टाके लागतात. भिंतीचे टाके आणखी निराळे. शिवाय नक्षीचे घटक परिघावर सारख्या अंतराने यावयाचे, तर किती फेऱ्यांनंतर किती टाके होतील याचा अंदाज कारागिरिणीला नक्षी सुरू करण्यापूर्वीच बांधावा लागतो. हा हिशेब कागदावर कधीच मांडला गेला नाही.

हिशेबाचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो. रोलंड डिक्सन व आल्फ्रेड क्रोबर या मानवशास्त्रज्ञांनी १९०७ साली कॅलिफोर्नियातील भाषांच्या संख्यापद्धतींवर जो निबंध लिहिला, त्यापासून युकींची मोजणी प्रसिद्ध आहे: ते बोटे मोजीत नसत, बोटांमधल्या फटी मोजीत, आणि त्या फटींत काड्या धरून आठाच्या पटीने पुढे जात. वेटोळ्याच्या नक्षीत हा आठाचा पाढा शोधण्याचा मोह होतो खरा, पण तो मोह आवरलेला बरा, कारण कारागिरीचा प्रत्येक गुण भाषेतून उलगडण्याच्या हौसेपायी विद्वानांनी पुष्कळ पाणी घुसळले आहे आणि लोणी फारसे निघालेले नाही.

आता द्रव्याकडे वळू. माझ्या मते टोपलीची खरी विद्या येथेच आहे. पेडासाठी डॉगवुड नावाच्या झाडाच्या काड्या आणि बरोबर चिरलेल्या पट्ट्या घेत, आणि शिवणीसाठी प्रामुख्याने रेडबड. हे रेडबड म्हणजे कॅलिफोर्नियाच्या कोरड्या उतारांवर वाढणारे एक मोठे झुडूप असून त्याची पाने हृदयाकृती असतात, आणि वनस्पतिशास्त्राच्या वंशावळीत ते आपल्या कांचनाच्या व आपट्याच्या उपकुळातले आहे. दसऱ्याला ज्या झाडाची पाने आपण सोने म्हणून लुटतो, त्याचा हा दूरदेशीचा भाऊबंद. व्हिक्टर चेस्नट या वनस्पतिशास्त्रज्ञाचा मेंडोसिनो परगण्यातील आदिवासींच्या उपयोगातील वनस्पतींवरचा ग्रंथ १९०२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील पुष्कळशी माहिती त्याने राउंड व्हॅलीतच गोळा केली होती, आणि टोपल्यांच्या द्रव्यांत रेडबडचे स्थान किती मोठे होते ते त्यावरून कळते.

टोपलीवरचे दोन रंग या एकाच झुडुपाचे, आणि ते रंगवलेले नसतात. पान गळून गेल्यावर, हिवाळ्याच्या थंडीत तोडलेल्या फांदीची साल लाकडाला घट्ट चिकटलेली असते; तिच्यासकट चिरलेली पट्टी तांबूस तपकिरी राहते. वसंतात रस चढू लागला की साल आणि लाकूड यांच्यामधला ऊतककर नावाचा थर जागा होतो, त्यात पातळ भिंतींच्या कोवळ्या पेशी भराभर निपजतात, आणि त्या इतक्या नाजूक असतात की नखाने जरा उचलताच साल मोज्यासारखी निघून येते. आत उरते ते फिकट गवती लाकूड. म्हणून एका टोपलीत दोन ऋतू शेजारीशेजारी शिवलेले असतात, आणि ज्या स्त्रीला नक्षी हवी तिला वर्षातून दोनदा झुडुपाकडे जावे लागते.

परंतु वाटेल ती फांदी चालत नाही. झुडूप मोकळे वाढू दिले तर फांद्यांना उपफांद्या फुटतात, आणि प्रत्येक फुटव्याच्या जागी लाकडात गाठ बसते. चिरताना भेग गाठीपाशी आली की वाकडी पळते आणि पट्टी तुटते. त्यासाठी झुडूप बुडापासून छाटतात, किंवा ते जमिनीलगतच्या जाळाखाली येऊ देतात. वरचा पसारा गेला तरी मुळांत वर्षानुवर्षांचा पिष्टाचा साठा शिल्लक असतो. तो सगळा मोजक्या नव्या कोंबांच्या वाट्याला येतो आणि ते एकाच हंगामात छडीसारखे सरळ, बिनफुटव्याचे, सडसडीत वाढतात. पुढच्या हिवाळ्यात तोडायचे ते हेच. याच आगीने ओकच्या रानातील झुडपांची दाटी कमी होई, आणि ओकची फळे पोखरणारे किडेही मरत. हे फळ तर येथील लोकांचे मुख्य अन्न. तेव्हा टोपली, तिच्यात शिजणारे अन्न आणि दोहोंना पोसणारे रान या तिन्ही गोष्टी एकाच आगीने जोपासल्या जात.

तोडलेला कोंब तीन भागांत चिरायचा, आणि माणसाला हात दोनच असल्यामुळे तिसरा भाग दातांत धरायचा. भेग पातळ बाजूकडे सरकू लागली की जाड बाजू थोडी अधिक वाकवायची, म्हणजे ती पुन्हा मध्यावर येते. सुताराला आणि बुरुडाला हे ज्ञान हातांनी झालेले असते, पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाने नव्हे. मऊ गाभा टाकून द्यायचा, बाहेरची पट्टी तासून एकाच रुंदीची करायची, आणि वेटोळे बांधून कित्येक महिने वाळू द्यायची. ही दिरंगाई निरर्थक नाही. हिरव्या पट्टीने शिवले तर ती नंतर वाळून आकसेल आणि प्रत्येक टाका सैल पडेल. म्हणून आकसणे आधीच उरकून घेऊन, शिवणीच्या वेळी तेवढ्यापुरती ती भिजवून नरम करतात.

आणि याच गुणामुळे टोपली पाणी धरते. लाकूड भिजले की तंतूंच्या आडव्या दिशेने ते शेकडा पाच ते दहा इतके फुगते, मात्र लांबीच्या दिशेने शेकडा अर्ध्याहूनही कमी. वाडगे पाण्यात ठेवले असता शेजारशेजारचे टाके रुंद होऊन एकमेकांना दाबू लागतात. आतल्या काड्या जाड होतात, आणि त्यांना कवटाळणारा टाका लांबीत वाढत नसल्यामुळे त्याची मिठी आणखी आवळली जाते. फटी बुजतात. त्यातून उरलीसुरली छिद्रे टोपलीत शिजणारी ओकच्या फळांच्या पिठाची खीर भरून काढते, कारण पिष्ट तापले की चिकट होते.

कॅलिफोर्नियातील स्त्रिया असल्या घट्ट टोपल्यांत, चुलीवर न ठेवता, अन्न शिजवीत. आधी ओकच्या पिठातील तुरट द्रव्य वारंवार पाणी ओतून काढून टाकायचे, मग पीठ आणि पाणी टोपलीत घ्यायचे, आणि विस्तवात तापवलेले दगड लाकडी चिमट्याने उचलून, राख धुऊन, त्यात सोडायचे. दगडाची उष्णता धरण्याची शक्ती पाण्याच्या पाचव्या हिश्श्याइतकी, तरी त्याला चांगला तापवता येतो हे त्याचे सामर्थ्य. वीस अंशांवरचे चार लिटर पाणी उकळीला आणण्यास ३२० किलोकॅलरी उष्णता हवी. पाचशे अंशांवर तापलेला एक किलो दगड शंभर अंशांपर्यंत निवताना सुमारे ८० देतो. तेव्हा चार किलो दगडांत काम भागते. टोपली जळत नाही याचे कारण ती ओली असते आणि ओल्या वस्तूचे तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही. मात्र दगड एका जागी टेकून राहिला तर तेथील पाणी उडून काड्या करपतील, म्हणून ढवळणारी काठी थांबता कामा नये.

या सर्वांचा शेवट जवळजवळ झालाच होता. कॅलिफोर्निया राज्याने १८५० साली आदिवासींच्या ‘शासन व संरक्षणा’साठी म्हणून जो कायदा केला, त्यात त्यांना मजुरीला जुंपण्याची तरतूद होती आणि गवताळ रानाला आग लावणाऱ्याला शिक्षेचीही. १८५६ साली सरकारने राउंड व्हॅलीत नोम कल्ट नावाची शेतवसाहत उघडली, आणि मागोमाग गुरे घेऊन गोरे वसाहतवाले आले. जमीनदार आणि माजी न्यायाधीश सेरेनस हेस्टिंग्ज याच्यासारख्यांच्या दरखास्तीवरून १८५९ साली राज्यपालाने वॉल्टर जारबो याच्या हाताखाली सशस्त्र तुकडी नेमली. काही महिन्यांत २८३ जण मारल्याचे त्याने स्वतःच कळवले आणि खर्चाचा तपशील सरकारी खजिन्याकडे पाठवला. पुढे १८६३ साली चिको येथून ४६१ कोंकाऊ लोकांना या खोऱ्याकडे हाकलत आणले गेले, त्यांपैकी २७७ पोहोचले. निरनिराळ्या जमाती अशा एकाच खोऱ्यात कोंबल्या गेल्या आणि त्यांच्या टोपल्याही एकमेकींच्या शेजारी शिवल्या जाऊ लागल्या. त्यामुळे अमुक वाडगे युकींचे की वायलाकी जमातीचे हे ठरवताना अभ्यासकांना तळाची सुरुवात, वेटोळ्याची दिशा आणि पेडातील काड्या यांची जबानी घ्यावी लागते. हेस्टिंग्जच्या नावाने चाललेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या विधी महाविद्यालयाचे नाव २०२३ साली बदलण्यात आले.

कला मात्र संपली नाही. १९९२ साली कॅलिफोर्नियातील टोपलीकारांनी आपली संघटना स्थापन केली, आणि तिच्या मागण्यांत जंगलखात्याच्या जमिनीवर छाटणीची मुभा आणि तणनाशकांच्या फवारणीला विरोध या दोन गोष्टी ठळक होत्या. दुसरी मागणी कोणाला अवांतर वाटली, तर चिरताना तिसरा भाग कोठे धरतात ते त्याने आठवावे. आगीच्या बाबतीत राज्याचे मत बदलण्यास १७१ वर्षे लागली: २०२१ साली झालेल्या कायद्याने परंपरेनुसार रानात आग लावणाऱ्या आदिवासी जाणकारांना, ढळढळीत हलगर्जी नसेल तर, आग विझविण्याच्या खर्चाच्या जबाबदारीतून मोकळे केले.

रेडबडला मार्चच्या सुमारास, पाने येण्यापूर्वी, गडद गुलाबी फुले येतात, आणि ती पाहण्यासाठी रस्त्याने जाणारे लोक मोटारी थांबवतात. पण ही फुले जुन्या लाकडावर येतात, वर्षाच्या कोवळ्या कोंबावर येत नाहीत. टोपलीसाठी दरवर्षी छाटलेले झुडूप त्या दिवसांत बहुधा उघडेच दिसते.