गुरुपरीक्षा आणि विवेक

गुरूला शरण जावे, ही शिकवण आपल्या धर्मपरंपरांत ठळकपणे आढळते. परंतु शरण जाण्यापूर्वी गुरूची पारख करावी, ही शिकवणही जुनी आहे, हे तुम्ही ध्यानात घ्यावे. मुंडकोपनिषदात गुरू ‘श्रोत्रिय’ व ‘ब्रह्मनिष्ठ’ असावा, म्हणजे त्याच्या ठायी शास्त्रज्ञान आणि ब्रह्मानुभव दोन्ही असावेत, असे सांगितले आहे. भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात प्रणिपात व सेवा यांच्या जोडीला ‘परिप्रश्न’, म्हणजे जिज्ञासेने केलेली विचारणाही येते.

मराठीत या विचाराची नेमकी मांडणी समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’त, पाचव्या दशकात सापडते. पहिल्या समासात सद्गुरूवाचून ज्ञान नाही, असे समर्थ ठामपणे सांगतात आणि लगेच दुसऱ्या समासात गुरूची लक्षणे देतात. करामती दाखविणाऱ्यालाही लोक गुरू म्हणतात, पण तो मोक्षदाता सद्गुरू नव्हे. जो शिष्याकडून साधना व इंद्रियदमन करवून घेत नाही, तो त्याज्य होय. तिसऱ्या समासात शिष्याची लक्षणे येतात. आधी गरज, मग गुरूची कसोटी, मग शिष्याची पात्रता, असा हा क्रम आहे.

येथे विवेक श्रद्धेचा विरोधक नसून तिचा राखणदार आहे. पारख न करता ठेवलेली श्रद्धा फसवणुकीला वाव देते. नुसती पारखच करीत राहणाऱ्याच्या पदरी मात्र ज्ञान पडत नाही. म्हणून आजही कोणी तुमच्याकडे संपूर्ण समर्पण मागितले, तर दोन गोष्टी तपासा: तेथे प्रश्न विचारता येतो का? आणि तुमच्या आचरणात काही पालट घडतो का?