संयोजी ऊतक

शरीरातील इंद्रिये व इतर ऊतके (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचे समूह) यांना परस्परांशी जोडणाऱ्या, आधार देणाऱ्या व त्यांमधील जागा भरून काढणाऱ्या ऊतकास ‘संयोजी ऊतक’ म्हणतात. अभिस्तर, स्नायू व तंत्रिका ही शरीरातील इतर प्रमुख ऊतके होत. त्यांच्यात कोशिका दाटीने वसलेल्या असतात. संयोजी ऊतकात मात्र त्या विरळ असून त्यांच्यामधील आंतरकोशिकीय द्रव्य विपुल असते. ऊतकाचे गुणधर्म मुख्यतः या द्रव्यावरच अवलंबून असतात. संयोजी ऊतकाची उत्पत्ती बहुतांशी भ्रूणाच्या मध्यस्तरापासून होते.

घटक : आंतरकोशिकीय द्रव्यात जेलीसारखे आधारद्रव्य व त्यात विखुरलेले तंतू असतात. तंतू तीन प्रकारचे असतात : (१) ताण सहन करणारे श्वेत तंतू, हे कोलॅजेन या प्रथिनाचे असतात, (२) ताणून सोडल्यास पूर्ववत होणारे पीत किंवा लवचिक तंतू, यांत इलॅस्टिन हे प्रथिन असते, आणि (३) नाजूक जाळी करणारे जालिका तंतू, हेही कोलॅजेनाचेच असतात. हे घटक मुख्यतः तंतुजनक कोशिका निर्माण करतात. कोलॅजेनाचा रेणू तीन शृंखलांच्या पिळाचा बनलेला असतो, हे मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये मांडले.

प्रकार : (अ) सैल ऊतक : हे त्वचेखाली तसेच रक्तवाहिन्या व तंत्रिकांभोवती आढळते. त्यातील महाभक्षी कोशिका जंतूंचा नाश करतात. वसा ऊतक हा याचाच विशेष प्रकार असून तो ऊर्जा साठवितो व उष्णतेचा ऱ्हास रोखतो. (आ) घन ऊतक : स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरेत व हाडे एकमेकांस जोडणाऱ्या अस्थिबंधांत श्वेत तंतू ताणाच्या दिशेने समांतर असतात. त्वचेच्या खोल थरात ताण सर्व दिशांनी येत असल्याने ते एकमेकांत गुंतलेले असतात. (इ) उपास्थी : हिचे आधारद्रव्य घट्ट पण लवचिक असते. सांध्यांतील हाडांच्या टोकांवर काचाभ, कानाच्या पाळीत लवचिक व मणक्यांमधील चकत्यांत तंतुमय उपास्थी असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसल्याने तिची इजा सावकाश व अपुरी भरून येते. (ई) अस्थी : हिच्या तंतूंवर कॅल्शियमाची लवणे साचतात. हाड सौम्य अम्लात ठेवल्यास लवणे विरघळून ते वाकविता येते. उलट जाळल्यास तंतू नष्ट होऊन ते ठिसूळ होते. काठिण्य लवणांमुळे व चिवटपणा कोलॅजेनामुळे येतो, हे यावरून दिसते. (उ) रक्त : यातील आंतरकोशिकीय द्रव्य म्हणजे रक्तद्रव होय. त्यातील तंतू एरवी विरघळलेल्या स्वरूपात असून रक्त साखळताना ते प्रकट होतात.

नूतनीकरण व विकार : वरवर निष्क्रिय भासणारे हे ऊतक सतत झिजते व नव्याने घडते. स्कर्व्ही या रोगात हे प्रकर्षाने दिसून येते. लांबच्या सफरीवरील खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई, दात हलू लागत व बऱ्या झालेल्या जुन्या जखमाही पुन्हा उघडत. जेम्स लिंड या स्कॉटिश वैद्यांनी १७४७ मध्ये ‘सॉल्झबरी’ जहाजावर १२ रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीस वेगळा उपचार दिला. संत्री व लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. यामागील कारण विसाव्या शतकात उलगडले : क जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजेनाच्या रेणूतील पीळ स्थिर राहत नाही. जुन्या व्रणातही जीर्ण कोलॅजेनाच्या जागी नवे भरले जात असते. हे काम थांबताच व्रण उकलतो.

इलॅस्टिनाची निर्मिती प्रौढावस्थेत अत्यल्प असते. त्यामुळे झिजलेल्या लवचिक तंतूंची भरपाई नीट होत नाही आणि वाढत्या वयाबरोबर रोहिण्या ताठर होतात. मार्फान लक्षणसमूह या आनुवंशिक विकारात लवचिक तंतूंना आधार देणारे फायब्रिलिन हे प्रथिन सदोष असते. परिणामी महारोहिणी फुगून ती फाटण्याचा धोका संभवतो. जखम भरताना तंतुजनक कोशिका नवे कोलॅजेन घालून व्रण सांधतात. परंतु त्या जागेची बळकटी सर्वसाधारणपणे मूळ त्वचेच्या सु. ८० टक्क्यांपलीकडे जात नाही.