क्लच झटका का मारतो?

मुलांनो, निघताना मोटारसायकल एकदम झटका मारते, हे तुम्ही पाहिले असेल. कोल्हापुरात बिंदू चौकातल्या गर्दीत असे झाले, तर पुढच्या सायकलवाल्याला धक्काच बसायचा!

बहुतेक मोटारसायकलींत क्लचच्या प्लेटा इंजिनच्या ऑइलमध्ये फिरतात. लिव्हर सोडला की स्प्रिंगा त्या प्लेटा एकमेकींवर दाबतात. हा दाब हळूहळू वाढला पाहिजे. क्लचची वायर गंजली असेल, तर ती अडकते आणि मग एकदम सुटते. म्हणून आधी वायरीत ऑइल सोडा, नाहीतर ती बदलून घ्या. लिव्हरला किती ढील हवी, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. अनेक लहान गाड्यांत लिव्हरच्या टोकाशी ती 10 ते 20 मिलिमीटर असते.

तरीही झटका गेला नाही, तर मिस्त्रीकडून क्लच उघडून घ्यावा. प्लेटांचे कान हाउसिंगच्या खाचांत सरकतात. या खाचांच्या कडांना चरे पडले की कान त्यांत अडकतात. उथळ चरे कानशीने घासता येतात. अशी कामे करणारे कारागीर आपल्या शिवाजी उद्यमनगरात आहेत. चरे खोल असतील, तर हाउसिंगच बदलावे लागते. दुकानदार पुष्कळदा नुसत्या नव्या प्लेटा देतो. पण चरे तसेच राहिले, तर ते पैसे वायाच गेले. कडक स्प्रिंगांनी तर फक्त हात दुखतो. नव्या प्लेटा बसवण्यापूर्वी ऑइलमध्ये भिजवून घ्यायला मात्र मिस्त्रीला जरूर सांगा.